कळते पण वळत नाही, तेव्हा नेमके काय कळायचे राहिलेले असते?

प्रश्न : मी 43 वर्षांची असून वसईला राहते आणि नरिमन पॉइंटच्या एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये काम करते. ऑफिसात मी शांत स्वभावाची म्हणून ओळखली जाते. घरी मात्र नववीतल्या मुलीवर आणि कधी कधी सासूबाईंवर इतकी भडकते की नंतर स्वतःचीच लाज वाटते. परवा मुलीचे दप्तर पॅसेजमध्ये पडले होते. उचल म्हटले तर "थांब गं, दोन मिनिटं" म्हणाली. त्यावर मी एवढी ओरडले की सासूबाई टीव्ही बंद करून आत निघून गेल्या. रात्री मीच तिच्यासाठी शिरा केला. सुट्टीच्या दिवशी असे फारसे होत नाही. माझे वडील फार तापट होते आणि त्यांचाच स्वभाव माझ्यात आला आहे, हे मला ठाऊक आहे. मी यावर खूप विचार करते, वाचतेही. पण कळते ते वळत नाही. स्वतःला ओळखूनही माणूस बदलत कसा नाही? आणि माझी मुलगीही माझ्यासारखीच होईल का?

उत्तर : तुमच्या मूळ पत्रात वडिलांच्या तापटपणाविषयी दोन मोठे परिच्छेद आहेत, वर त्यांचा सारांश दिला आहे. ऑफिसातून निघाल्यापासून घराचे दार उघडेपर्यंतच्या काळाविषयी मात्र एकच वाक्य आहे, "दमून घरी येते." तुमच्या प्रश्नाचे उत्तर मला या तफावतीत दिसते. तुम्हाला स्वतःविषयी जे कळले आहे ते तुमच्या रागाचे स्पष्टीकरण आहे, आणि ते चुकीचेच असेल असे मी म्हणत नाही. पण आपल्या वागण्याचे स्पष्टीकरण सापडणे वेगळे आणि आपल्या वागण्याचा क्रम डोळ्यांसमोर दिसणे वेगळे. वळण्यासाठी दुसरी गोष्ट लागते. वडिलांचा वारसा मंगळवारी जसा तुमच्यात असतो तसाच रविवारीही असतो. मग रविवारी पॅसेजमधले दप्तर तुम्ही फारसे न बोलता बाजूला ठेवता आणि मंगळवारी संध्याकाळी त्याच दप्तरावरून घर डोक्यावर घेता, हा फरक कशाने पडतो, ते त्या वारशातून समजत नाही.

आपल्या वागण्याची कारणे आपल्याला आतून थेट दिसतात, असा आपला समज असतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन यांनी 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या समजाला धक्का देणारा एक साधा प्रयोग आहे. एका दुकानात स्त्रियांच्या नायलॉन मोज्यांच्या चार जोड्या टेबलावर ओळीने मांडल्या होत्या आणि येणाऱ्या ग्राहकांना त्यांतली सर्वांत चांगली जोडी निवडायला सांगितले होते. चारही जोड्या हुबेहूब सारख्या होत्या. तरीही अगदी उजवीकडची जोडी अगदी डावीकडच्या जोडीच्या जवळजवळ चौपट वेळा निवडली गेली. कारण विचारल्यावर लोकांनी विणीविषयी आणि दर्जाविषयी सांगितले. जागेचा उल्लेख आपणहून कोणीही केला नाही, आणि मांडणीतल्या जागेमुळे तुमची निवड ठरली असेल का, असे स्पष्ट विचारल्यावर जवळपास सर्वांनी ते नाकारले. ही माणसे खोटे बोलत नव्हती. मनाला कारण दिसले नाही, तेव्हा त्याने पटण्यासारखे कारण तयार करून दिले आणि ते त्यांना आतून आल्यासारखेच वाटले.

समुपदेशनाला येणाऱ्या माणसांत मला हे सतत दिसते. जो जितका वाचणारा, विचार करणारा, तितके त्याचे स्पष्टीकरण घोटीव असते. बालपण, जन्मक्रम, आईचे लाड, वडिलांचा मार, सगळे नीट जुळवलेले असते. असे घोटीव स्पष्टीकरण हाताशी असले की पुढे बघण्याची गरज वाटेनाशी होते, म्हणून मला त्याची काळजी वाटते. "मी असा का आहे?" या प्रश्नाला मन लगेच उत्तर देते. "हे केव्हा होते, कुठे होते, त्याआधी काय झालेले असते आणि त्यानंतर काय होते?" या प्रश्नांना मात्र मन घाईने उत्तर देऊ शकत नाही, तिथे पाहावेच लागते. तुम्ही "का" हा प्रश्न काही महिने बाजूला ठेवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आता त्या एका वाक्यात दडलेल्या दोन-अडीच तासांकडे येऊ. त्या वाटेने रोज जाणाऱ्या अनेक जणींकडून जे ऐकले आहे त्यावरून सांगते. तुमच्या बाबतीत जे लागू पडत नसेल ते खोडून टाका. निघता निघता साहेबांनी एखादी चूक चारचौघांत दाखवलेली असते आणि तुम्ही "हो सर, करते" म्हणून ती दुरुस्त करून दिलेली असते. तिथून चर्चगेटपर्यंत भराभर चालणे, गाडी पुरती थांबण्याआधी डब्यात शिरण्याची धडपड, "कुठे उतरणार?" ही प्रत्येक बाकापाशी होणारी विचारणा. बोरिवलीपर्यंत उभे राहणे, खांद्यात रुतणारा पर्सचा पट्टा, शेजारणीच्या फोनवरचा आवाज. त्यात शाळेच्या ग्रुपवर चाचणी परीक्षेचे वेळापत्रक येते आणि घरून "येताना दूध आण" असा निरोप येतो. भाईंदरची खाडी ओलांडताना जरा वारा लागतो, बसायलाही मिळालेले असते, आणि आता बरे वाटते आहे असे तुम्ही मनात म्हणता. मग स्टेशनचा पूल, शेअर रिक्षाची रांग, जिना, दार आणि पॅसेजमधले दप्तर.

खाडीपाशी वाटलेले ते "बरे" फसवे असते. डॉल्फ झिलमन यांनी 1971 पासून या विषयावर बरेच काम केले. एका प्रसंगात शरीरात चढलेली उत्तेजना, म्हणजे वाढलेली धडधड, ताठरलेले स्नायू आणि वेगाने चाललेला श्वास, ही प्रसंग संपताच ओसरत नाही. ती पुढच्या प्रसंगात वाहत जाते आणि तिथल्या भावनेला जोर देते. गॅस बंद केल्यावरही तवा बराच वेळ हाताला चटका देतो, तसेच हे आहे. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये नोंदवलेला एक बारकावा तुमच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. व्यायाम केल्यानंतर लगेच, म्हणजे ही धडधड व्यायामाची आहे हे माणसाला ठाऊक असते तेव्हा, ती पुढच्या अनुभवात मिसळत नाही. शरीर पूर्ण निवल्यावरही मिसळत नाही. मिसळते ती मधल्या टप्प्यात, जेव्हा शरीर अजून तापलेले असते पण "आता मी ठीक आहे" असे माणसाला वाटत असते. तुम्ही दाराची कडी वाजवता ती नेमकी या टप्प्यात. त्या क्षणी अंगात जे उसळते ते सगळे दप्तरामुळे आणि "दोन मिनिटं" या उत्तरामुळेच आले असे तुम्हाला मनापासून वाटते, कारण समोर दुसरे काही दिसतच नसते. प्रत्यक्षात मुलीच्या वाट्याला तिच्या चुकीपेक्षा कितीतरी मोठा हिशेब आलेला असतो.

त्यात ऑफिसातल्या शांतपणाची भर पडते. सहकारी तुमचे कौतुक करतात ते खरेच असेल, पण चेहऱ्यावर काही दिसू न देणे आणि शांत असणे यांत अंतर आहे. जेम्स ग्रोस आणि रॉबर्ट लेव्हनसन यांनी 1993 मध्ये काही जणांना किळस आणणारे चित्रपट दाखवले आणि त्यांतल्या निम्म्यांना भावना चेहऱ्यावर येऊ देऊ नका असे सांगितले. त्यांचे चेहरे खरोखरच निर्विकार राहिले, पण मनात किळस कमी झाली नाही आणि शरीरातल्या ताणाच्या काही खुणा उलट वाढल्या. "हो सर, करते" हे वाक्य तुम्ही दिवसातून जितक्या वेळा गिळून बोलता तितके ओझे संध्याकाळच्या गाडीत तुमच्याबरोबर चढते. नोकरीत उलटून बोला असे मी सांगत नाही. नोकरी करणाऱ्या बाईला त्याची काय किंमत मोजावी लागते हे मला माहीत आहे. पण त्या क्षणी निदान स्वतःपाशी "मला आत्ता अपमान वाटला" एवढे नीट म्हणता येते. भावनेला नेमके नाव दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डला या भागाची खळबळ कमी होते, असे मॅथ्यू लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मेंदूच्या चित्रणातून दाखवले. "राग आला" या एकाच नोंदीखाली तुम्ही अपमान, थकवा, मुलीच्या परीक्षेची धास्ती आणि आपल्याला घरात कोणी विचारत नाही ही खंत, असे सगळे जमा करत असाल, तर ते वेगळे करून पाहा. अकाउंट्समधल्या माणसाला वेगवेगळ्या खात्यांचे महत्त्व मी सांगायला नको.

मग हा सगळा उद्रेक घरातच का होतो? घर सुरक्षित असते, हे एक उत्तर आहेच. पण ओरडण्यानंतर काय घडते तेही पाहायला हवे, आणि पत्रात ते तुम्ही जाता जाता सांगून गेला आहात. तुम्ही ओरडल्यावर दप्तर उचलले गेले असणार. टीव्ही बंद झाला. घर पाच मिनिटांत शांत झाले. आधी साध्या आवाजात सांगून जे झाले नव्हते ते ओरडल्याबरोबर झाले. ज्या वागण्याला असे लगेच फळ मिळते ते वागणे टिकते, मग ते आपल्याला कितीही नावडते असो. तुम्हाला मागाहून पश्चात्ताप होतो हे खरे, पण पश्चात्ताप दोन तासांनी येतो आणि फळ दोन सेकंदांत. सवयीवर जवळच्या परिणामाचा पगडा अधिक असतो. वडिलांचा संदर्भ इथे खरा उपयोगी पडतो. आवाज चढवल्याशिवाय घरात कोणी ऐकत नाही, हा नियम तुम्ही लहानपणी त्यांच्याकडे पाहून शिकला असाल आणि आज तुमचे घर रोज संध्याकाळी तो नियम खरा ठरवून दाखवते. स्वभाव रक्तातच आला आहे असे मानले की माणूस हतबल होतो. शिकलेला नियम मात्र प्रयत्नाने पुसता येतो.

शिऱ्याविषयीही थोडे सांगायला हवे, जरी ते तुम्हाला कदाचित लागेल. रात्री केलेला शिरा प्रेमाचाच असतो, यात शंका नाही. पण त्याने त्या दिवसाचा विषय मिटतो. मुलगी खाते, तुम्ही तिच्या केसांतून हात फिरवता, आणि संध्याकाळी काय झाले यावर एक शब्दही न बोलता दिवस संपतो. मग अंथरुणावर पडल्यावर "मी वाईट आई आहे" हे सुरू होते. जून टँगनी यांच्या संशोधनात अपराधी भावना आणि शरम यांत केलेला भेद इथे ध्यानात घेण्यासारखा आहे. "मी आज चुकीचे वागले" या भावनेतून माणूस चूक सुधारायला निघतो. "मी मुळातच वाईट आहे" या भावनेतून तो लपतो, किंवा पुन्हा दुसऱ्यावर चिडतो. रात्री अकराला तुम्ही जो "खूप विचार" करता तो बहुधा दुसऱ्या प्रकारचा असतो. तेच प्रसंग, तेच शब्द, तीच शिक्षा, पुन्हा पहिल्यापासून. पॉल ट्रॅपनेल आणि जेनिफर कॅम्पबेल यांनी 1999 मध्ये स्वतःविषयीच्या विचाराचे असे दोन प्रकार मोजून दाखवले, एक भीतीतून आणि खंतीतून उगाळत बसण्याचा, दुसरा कुतूहलातून पाहण्याचा. बाहेरून दोन्ही आत्मपरीक्षणच वाटतात. ओळखायची खूण सोपी आहे. विचार संपल्यावर तुमच्या हाती एखादी नवी माहिती आली का? आली नसेल तर तो वेळ झोपेला द्यावा.

नवी माहिती मिळवण्यासाठी एक वही करा, साधी शाळेची दोनशे पानी चालेल. काही आठवडे रोज दोन-तीन ओळी लिहा, पण कारणे लिहू नका, जे घडले तेच लिहा. किती वाजता, घरात कोण कुठे होते, तुमच्या तोंडून वाक्य निघण्याआधी समोरून नेमके काय वाक्य आले, त्या वेळी जबडा, खांदे, पोट, हात यांत काय जाणवले, दुपारनंतर काही खाल्ले होते का, आदल्या रात्री किती झोप झाली होती, आणि ओरडल्यावर पुढच्या पाच मिनिटांत काय झाले. "ती उद्धटपणे बोलली" ही नोंद चालणार नाही. तो तुमचा निकाल आहे. "ती 'थांब गं, दोन मिनिटं' म्हणाली, मोबाइलवरून नजर उचलली नाही" ही नोंद झाली. सुरुवातीला हे जड जाते, कारण आपल्याला निकाल आधी आठवतो आणि वाक्य नंतर.

या वहीत बहुतेक जण एक मोठी चूक करतात. ते फक्त भडकलेल्या दिवसांची नोंद ठेवतात. ज्या दिवशी दप्तर तिथेच पडले होते आणि तरीही काही झाले नाही, तो दिवस अधिक मोलाचा आहे, तो अवश्य लिहा. माझ्या कामात बहुतेक वेळा उलगडा होतो तो अशाच दिवसांमुळे. कोणाच्या लक्षात येते की गाडी रद्द झाली म्हणून दादरला उतरून मैत्रिणीबरोबर चहा-वडा खाल्ला त्या दिवशी घरी उशिरा पोचूनही आपण शांत होतो, म्हणजे उशिरापेक्षा भूक हे मोठे कारण होते. कोणाला दिसते की नवरा आधी घरी आलेला असतो त्या दिवशी तेच वाक्य झोंबत नाही. तुमच्या वहीत काय निघेल हे मी आज सांगू शकत नाही, आणि सांगितले तर तेही एक घोटीव स्पष्टीकरणच होईल.

नोंदी साचू लागल्या की दप्तर आणि ओरडणे यांच्या मधे एक वाक्य ऐकू येऊ लागेल. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचाराचा भर याच वाक्यावर आहे. घटनेतून भावना थेट उपजत नाही; घटनेचा आपण जो अर्थ लावतो त्यातून ती उपजते. मुंबईत कि. मो. फडके यांनी आणि ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच या संस्थेने ही विचारपद्धती मराठी माणसाच्या भाषेत रुजवली आहे, त्यामुळे ती तुमच्या वाचनात आली असेल. वाचून मात्र लोक पुष्कळदा सर्वांत सभ्य वाक्य शोधतात, "तिने शिस्त पाळायला हवी" असे काहीतरी. खरे वाक्य इतके नेटके नसते. ते वेगाने येऊन जाते आणि पुष्कळदा त्याचा सूर आपल्या आईचा किंवा वडिलांचा असतो. "मी मरमर मरते आणि हिला माझी काडीची किंमत नाही." हे वाक्य सापडले तर ते वहीत जसेच्या तसे लिहा. मग शांत वेळी त्याची तपासणी करता येते. चौदा वर्षांच्या मुलीने मोबाइलवरून नजर न उचलणे हा तुमच्या कष्टांवर दिलेला अभिप्राय आहे का? तुमच्या वयाच्या कोणत्याही बाईला याचे उत्तर ठाऊक असते. फक्त संध्याकाळी पावणेआठला ते सुचत नाही. म्हणून त्या वेळी सुचण्यावर विसंबून राहू नये.

त्या वेळेसाठी कृती आधीच ठरवून ठेवावी लागते. पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून असे दिसते की "मी यापुढे चिडणार नाही" यासारख्या निश्चयापेक्षा "अमुक झाले तर मी तमुक करीन" असा ठराव अधिक पाळला जातो, कारण त्यात प्रसंग आणि कृती आधीच जोडलेली असतात. तुमचा ठराव असा असू शकेल, "दार उघडल्यावर पॅसेजमध्ये काहीही पडलेले दिसले, तरी मी एक शब्दही न बोलता आधी हातपाय धुवायला जाईन." बाहेरून आल्यावर आधी हातपाय धुवायची आपल्या घरांतली जुनी शिस्त या कामाला फार सोयीची आहे, न्हाणीघराचे दार लावता येते, आणि लहान घरात पाच मिनिटे एकटे बसता येईल अशी ती अनेकदा एकमेव जागा असते. जमल्यास स्टेशनवरून शेअर रिक्षा न घेता काही अंतर चालत या, किंवा फलाटाच्या बाकावर दहा मिनिटे बसून बरोबर आणलेले काही खा. उशीला बुक्क्या मारा, ओरडून मन मोकळे करा असा सल्ला कोणी दिला तर तो घेऊ नका. ब्रॅड बुशमन यांच्या 2002 च्या प्रयोगात ज्याचा राग आला त्याला आठवत बुक्के मारणाऱ्यांचा राग शांत बसलेल्यांपेक्षा जास्त राहिला.

घरी आल्यावरची पहिली वीस मिनिटे मात्र तुम्ही एकटीने राखू शकणार नाही; त्यासाठी घराची संमती हवी. रीना रेपेटी यांनी 1989 मध्ये विमानतळावर वाहतूक नियंत्रणाचे काम करणाऱ्या पुरुषांचा आणि त्यांच्या पत्नींचा अभ्यास केला. कामाचा ताण जास्त असलेल्या दिवशी हे पुरुष घरी आल्यावर गप्प आणि अलिप्त राहत, आणि पत्नीचा आधार असला तर ही अलिप्तता त्यांना निवायला उपयोगी पडत असे. तुमच्यासारख्या बाईला ही सवलत कोण देते, हा प्रश्न मला इथे विचारावासा वाटतो. तुम्ही दार उघडता तेव्हा कुकर लावायचा राहिलेला असतो. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी 299 मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष 97 मिनिटे, असे नोंदले आहे. तुमच्या रागात जे काही मुलीचे नाही त्यातले थोडे या दोन आकड्यांच्या फरकातून येत असेल, तर तेवढे तुम्ही स्वतःला सुधारून मिटणार नाही. आत्मपरीक्षणाच्या नावाखाली बाईने अन्याय्य वाटणी अधिक शांतपणे सोसावी, या मताची मी नाही. पतीशी आणि सासूबाईंशी सुट्टीच्या दिवशी बोला, तक्रार म्हणून न बोलता नेमकी मागणी म्हणून बोला. आठवड्यातले कोणते तीन दिवस कुकर कोणी लावायचा, एवढ्या तपशिलाने.

आणि मुलीलाही विचारा. काही बाबतींत आपल्याला आपण जितके दिसतो त्यापेक्षा जवळच्यांना अधिक स्पष्ट दिसतो, असे सिमीन वझीर यांच्या 2010 च्या संशोधनातून पुढे आले. आतली अस्वस्थता आपल्याला जास्त ठाऊक असते, पण आपले दिसणारे वागणे, विशेषतः ज्यात आपली प्रतिमा गुंतलेली असते ते, इतरांना जास्त ठाऊक असते. "मी ओरडण्याआधी तुला काही कळतं का गं?" असे एखाद्या निवांत दुपारी विचारून पाहा आणि उत्तर ऐकताना मधे बोलू नका. मुले सहसा चकित करतात. आई चावी हुकला न अडकवता फ्रिजवर आपटते, चप्पल एकच सरळ ठेवते, "पाणी दे" म्हणताना नाव घेत नाही, अशा गोष्टी ती वर्षानुवर्षे टिपत आलेली असतात. त्या गोष्टी तुमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिण्यासारख्या आहेत, कारण तुम्हाला जाणीव होण्याच्या आधीच त्या घडलेल्या असतात.

मुलगी तुमच्यासारखी होईल का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की ती तुमचे ओरडणे जितके शिकेल तितकेच ओरडल्यानंतर तुम्ही काय करता तेही शिकेल. एडवर्ड ट्रॉनिक यांनी आया आणि तान्ही बाळे यांच्या निरीक्षणांतून दाखवले की निरोगी नात्यातही दोघांचा सूर बराच वेळ जुळलेला नसतो; तो पुन्हा जुळवला जाणे महत्त्वाचे असते. हे निरीक्षण बाळांचे असले तरी किशोरवयीन मुलांसोबत काम करताना मला त्याचा प्रत्यय येतो. शिरा करा, पण त्याआधी बोला. "संध्याकाळी मी जे बोलले ते तुझ्या चुकीच्या मानाने फार जास्त होतं. मी दमलेली होते, पण ते तुझ्यावर काढायला नको होतं." इथे थांबा. "पण तू सुद्धा" हे शब्द आले की माफी संपते आणि भांडण सुरू होते. दप्तराचा विषय दुसऱ्या दिवशी स्वतंत्रपणे काढा. शिस्त लावण्याचा तुमचा अधिकार माफी मागितल्याने कमी होत नाही.

शेवटी प्रकृतीविषयी, कारण हा भाग लोक टाळतात. तुमच्या वयात पाळी अनियमित होऊ लागलेली असू शकते, आणि त्या काळात झोप मोडणे व चिडचिड वाढणे पुष्कळ स्त्रियांना जाणवते. थायरॉइडचा विकार आणि रक्तातली कमी झालेली हिमोग्लोबिनची पातळी यांनीही थकवा आणि चिडचिड येते, म्हणून फॅमिली डॉक्टरांकडून या तपासण्या करून घ्या. चिडचिड दोन आठवड्यांहून अधिक काळ रोजच राहत असेल, सुट्टीच्या दिवशीही कशात मन लागत नसेल, पहाटे जाग येऊन पुन्हा झोप लागत नसेल, तर ते नैराश्यही असू शकते. नैराश्य प्रत्येक वेळी रडण्याच्या रूपात येत नाही. मुलीवर हात उठत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर वही भरण्याची वाट पाहू नका. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते. केईएम, नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराचे बाह्यरुग्ण विभाग आहेत. तुम्ही पश्चिम रेल्वेने येता, तेव्हा मुंबई सेंट्रलचे नायर तुमच्या वाटेवरच आहे. वही लिहायला घेतली असेल तर ती बरोबर न्या आणि डॉक्टरांनी "त्रास कधी होतो?" असे विचारले की वडिलांपासून सुरुवात न करता गेल्या पंधरवड्याची पाने त्यांच्यापुढे ठेवा.